साखरेच्या पाकात सापडलेलं नोबेल

आई-बाबांना किंवा आजीला घेऊन तुम्ही कधीतरी शुगर टेस्टला गेलाच असाल. पुढच्या वेळी गेलात की रक्त घेणाऱ्या ताईंच्या ट्रेकडे नीट बघा. वेगवेगळ्या रंगांच्या टोपणांच्या नळ्या असतात आणि शुगरसाठीचं रक्त बहुतेक ठिकाणी करड्या टोपणाच्या नळीत जातं. ती नळी रिकामी दिसली तरी तिच्यात थोडं सोडियम फ्लोराइड आधीच घातलेलं असतं. कारण रक्त शरीराबाहेर आलं म्हणून त्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. नळीत बसूनही त्या साखर खातच राहतात. नमुना तसाच पडून राहिला तर रिपोर्टमध्ये साखर खऱ्यापेक्षा कमी दिसणार. फ्लोराइड काय करतं, तर पेशीतल्या साखर फोडणाऱ्या यंत्रणेचं एक चाक अडवून धरतं.

एखादं रसायन टाकून पेशीतली एक गोष्ट थांबवायची आणि बाकी काय चालू राहतं ते बघायचं, ही युक्ती जीवरसायनशास्त्राच्या अगदी पायात आहे. अशा रसायनाला म्हणतात इनहिबिटर, पुस्तकी मराठीत अवरोधक. आणि ही युक्ती वापरून विज्ञानातला एक फार जुना वाद ज्याने मिटवला, तो माणूस कधीकाळी पैशांअभावी कॉलेज सोडून डबाबंद अन्नाच्या कारखान्यात काम करत होता. त्याचं नाव एडुआर्ड बुखनर.

(केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये गाळायला वापरतात ते बुखनर फनेल याचंच असणार, असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण ते अर्न्स्ट ब्युखनर नावाच्या दुसऱ्याच केमिस्टचं आहे. आपला बुखनर वेगळा.)

वडील गेले, कॉलेज सुटलं

एडुआर्डचा जन्म २० मे १८६० चा, जर्मनीतल्या म्युनिकचा. वडील डॉक्टर आणि न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे घरात शिक्षणाचं वातावरण होतं. पण १८७२ मध्ये वडील गेले आणि घराचं गणित बदललं. एडुआर्ड तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. त्याने व्यापारात जावं, असं आधी ठरलं होतं. त्यातून त्याला बाहेर काढलं ते त्याच्यापेक्षा जवळजवळ दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या भावाने, हान्सने. हान्स पुढे नावाजलेला जीवाणुशास्त्रज्ञ झाला. धाकट्याच्या शिक्षणाची काळजी वडिलांच्या जागी त्यानेच घेतली.

शाळा संपल्यावर एडुआर्डने थोडे दिवस तोफखान्यात काढले आणि मग म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत केमिस्ट्री शिकायला सुरुवात केली. शिकवायला होते एमिल एर्लेनमायर. हो, अकरावी-बारावीच्या लॅबमध्ये आपण जो शंकूच्या आकाराचा चंबू हलवत टायट्रेशन करतो, तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच. सगळं छान चाललं होतं, पण पैसे संपले. शिक्षण सोडावं लागलं. म्युनिक आणि मोम्बाख इथल्या डबाबंद अन्नाच्या कारखान्यांत तो कामाला लागला आणि तिथे त्याची चार वर्षं गेली.

आजच्या भाषेत आपण याला गॅप म्हणू आणि मुलाखतीत त्याचं स्पष्टीकरण देता देता घाम फुटेल. पण डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रोज कसली लढाई असते? अन्न खराब होऊ द्यायचं नाही, म्हणजेच सूक्ष्मजीवांना काम करू द्यायचं नाही. उष्णता, मीठ, आम्ल, साखर ही तिथली हत्यारं. आपल्या आज्या मुरंब्याला पक्का पाक करतात किंवा लोणच्यात मीठ सढळ हाताने घालतात, तेव्हा त्याही हीच लढाई लढत असतात. घट्ट पाकात पडलेल्या जंतूच्या शरीरातलं पाणी तो पाक बाहेर ओढून घेतो. आजूबाजूला एवढी साखर असूनही जंतू वाढू शकत नाही. म्हणजे साखर हासुद्धा एक अवरोधकच, फक्त गोड. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८८४ मध्ये एडुआर्ड पुन्हा शिकायला आला. केमिस्ट्री आडोल्फ फॉन बायर यांच्याकडे आणि वनस्पतिशास्त्र कार्ल फॉन नेगेली यांच्या संस्थेत. दोघंही त्या काळातली मोठी नावं. हान्सच्या मार्गदर्शनाखाली त्याने किण्वनाचा, म्हणजे आंबण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास सुरू केला. पहिलाच निबंध होता ऑक्सिजनचा किण्वनावर काय परिणाम होतो यावर, आणि त्यातला निष्कर्ष थेट लुई पाश्चर यांच्या मताविरुद्ध जाणारा होता. १८८८ मध्ये डॉक्टरेट मिळाली. चार वर्षं वाया गेलेला मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी डॉक्टर बुखनर झाला.

भांडण नेमकं कशावरून होतं?

आता थोडं मागे जाऊ, कारण हे भांडण कळल्याशिवाय पुढची मजा कळणार नाही.

द्राक्षाचा रस ठेवला की त्याची वाइन होते, हे माणसाला हजारो वर्षांपासून माहीत होतं. पण करतं कोण? १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार-लातूर आणि जर्मनीत थिओडोर श्वान यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की यीस्ट ही जिवंत, वाढणारी गोष्ट आहे आणि तीच साखरेचं अल्कोहोल करते. यावर केमिस्ट लोक अक्षरशः हसले. १८३९ मध्ये लिबिग आणि वोलर या दिग्गजांनी एका प्रतिष्ठित जर्नलमध्ये निनावी विडंबन छापलं. त्यात यीस्ट म्हणजे एका टोकाने साखर गिळणारे आणि दुसऱ्या टोकाने अल्कोहोल सोडणारे छोटे प्राणी दाखवले होते! लिबिग यांचं म्हणणं असं की किण्वन ही साधी रासायनिक कुजण्याची क्रिया आहे, त्यात जीवाचा काही संबंध नाही.

मग १८५७ पासून पाश्चर मैदानात उतरले. त्यांनी एकामागून एक प्रयोग करून दाखवलं की जिथे किण्वन, तिथे जिवंत सूक्ष्मजीव. पाश्चर यांचा दबदबा एवढा, की जीवाशिवाय किण्वन नाही हे जवळजवळ ठरूनच गेलं. पण एक प्रश्न शिल्लक राहिला. जिवंत यीस्ट साखर फोडतं हे मान्य. पण फोडतं म्हणजे नेमकं काय? त्याच्या आत एखादा पदार्थ आहे आणि तो हे काम करतो, की जिवंतपणा नावाची एक वेगळीच शक्ती आहे, जी केमिस्ट्रीच्या पुस्तकात कधीच बसणार नाही?

हा नुसता वाइन-बिअरचा प्रश्न नव्हता, हे लक्षात घ्या. जीव म्हणजे काय, हाच प्रश्न होता. पेशीच्या आत चालणाऱ्या गोष्टी केमिस्ट्रीच्या नियमांनी समजू शकतात का? उत्तर नाही असेल, तर औषधं, आजार, पचन, श्वास या सगळ्याच्या दारावर कायमची पाटी लागणार होती, की इथून पुढे केमिस्टला प्रवेश नाही. आपल्या लाळेतलं किंवा जठरातलं विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीबाहेरही काम करतं हे तेव्हा माहीत होतं. पण यीस्टच्या पेशीतून असं काही बाहेर काढायचे प्रयत्न अनेकांनी केले आणि फसले. स्वतः पाश्चर यांनाही ते जमलं नाही.

हे करून काही मिळणार नाही

बायर यांनी बुखनरला म्युनिकमध्ये किण्वनाच्या अभ्यासासाठी छोटी लॅब उभारायला खास पैसे मिळवून दिले. १८९३ मध्ये त्याने यीस्टच्या पेशी फोडून आतला रस काढायचा प्रयत्न सुरू केला. पण प्रयोगशाळेच्या मंडळाला हे काही पटलं नाही. यीस्ट दळायचे प्रयोग गेली चाळीस वर्षं होत आले आहेत, त्यातून काहीही हाती लागलेलं नाही, मग हे पुन्हा कशाला? मुद्दा तसा चूक नव्हता, जुनी कागदपत्रं तेच सांगत होती. काम थांबलं आणि तीन वर्षं थांबूनच राहिलं.

बुखनर आधी कीलला गेला आणि १८९६ मध्ये ट्युबिंगेनला. शिकवायचं काम होतं, पगार होता, पण यीस्टचा विषय बाजूला पडला होता. तो परत जिवंत झाला तो हान्समुळे. आणि गंमत म्हणजे हान्सला किण्वनात त्या वेळी अजिबात रस नव्हता.

हान्स आता म्युनिकच्या आरोग्यशास्त्र संस्थेचा प्रमुख होता. जंतूंच्या पेशींमधली प्रथिनं बाहेर काढून त्यांचा औषध म्हणून उपयोग होतो का, हे त्याला बघायचं होतं. त्यासाठी पेशी फोडायला हव्या होत्या आणि यीस्टवर हात बसवणं सोपं होतं. त्याचा सहकारी मार्टिन हान याने यीस्ट दळताना त्यात किसेलगूर मिसळायची कल्पना काढली. किसेलगूर म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांपासून बनलेली हलकी, पाणी शोषून घेणारी माती.

सुट्टीतला प्रयोग

१८९६ ची शरद ऋतूची सुट्टी. एडुआर्ड म्युनिकला भावाकडे आला होता. सुट्टी म्हणजे काय, तर लॅबच.

पद्धत अशी होती. एक किलो ब्रुअरीतलं यीस्ट घ्यायचं. त्यात तेवढ्याच वजनाची बारीक वाळू आणि २५० ग्रॅम किसेलगूर मिसळायचं. मग खलात घालून घोटायचं, घोटायचं आणि घोटायचं. आधी कोरडं भुसभुशीत असलेलं मिश्रण हळूहळू ओलसर होऊन मळलेल्या कणकेसारखं होतं, कारण पेशी फुटून आतला रस बाहेर येऊ लागतो. त्यात थोडं पाणी घालून ते जाड कापडात गुंडाळायचं आणि हायड्रॉलिक प्रेसखाली ४०० ते ५०० अ‍ॅटमॉस्फिअर दाबाने पिळायचं. उरलेला चोथा पुन्हा घोटून पुन्हा पिळायचा. एवढं सगळं केल्यावर साधारण अर्धा लिटर पिवळसर रस हाती लागायचा.

पण हा रस टिकत नव्हता, फार लवकर नासायचा. नेहमीची जंतुनाशकं या कामाला उपयोगी पडेनात. मग घरगुती उपाय आठवला, मुरंब्याचा! रसात भरपूर साखर घातली तर तो टिकेल. घातली.

आणि रसातून बुडबुडे यायला लागले.

दुसऱ्या कुणी ते बघितलं असतं तर कदाचित नासला म्हणून ओतून दिला असता. पण एडुआर्डने किण्वनावर डॉक्टरेटच्या आधीपासून काम केलं होतं. ते बुडबुडे त्याने ओळखले. साखर टिकवण्यासाठी घातली होती आणि रस तीच साखर फोडत होता. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता, अल्कोहोल तयार होत होतं. ज्या रसात एकही जिवंत पेशी नसायला हवी होती, तो रस जिवंत यीस्टचं काम करत होता.

विष टाकून बघू

इथे खरी परीक्षा सुरू झाली. कारण समोरचा पहिलाच प्रश्न विचारणार होता, की कशावरून रसात जिवंत यीस्ट नव्हतं? चार पेशी चुकून राहिल्या असतील आणि त्यांनीच हा उद्योग केला असेल. शिवाय हवेतले जंतूही पडले असतील. नाही हे सिद्ध करणं आहे हे सिद्ध करण्यापेक्षा नेहमीच कठीण.

बुखनरने एक-एक वाट बंद करत आणली. रस अगदी बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळला, ज्यातून यीस्ट जाऊच शकत नाही. तरी किण्वन झालं. चर्मपत्रासारख्या कागदाच्या नळीत रस भरून ती ३७ टक्के साखरेच्या पाण्यात टांगली. नळीच्या पृष्ठभागावर बुडबुडे आले. रस ४० ते ५० अंशांपर्यंत तापवला, तर तो साकळला आणि काम थांबलं. अंड्याचा पांढरा भाग उष्णतेने घट्ट होतो तसं. म्हणजे हे काम करणारी गोष्ट बहुधा प्रथिन असणार.

आणि मग आलं विष. हिंदी सिनेमात व्हिलन रुमालावर टाकतो ते क्लोरोफॉर्म. जिवंत यीस्टच्या पेशींना क्लोरोफॉर्म दिलं की त्यांचं किण्वन बंद पडतं. बुखनरने रसात क्लोरोफॉर्म पार मुरेपर्यंत मिसळलं. रसात थोडा साका बसला, पण किण्वन चालूच राहिलं. पुढच्या प्रयोगांत त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टोल्युइन वापरलं, आर्सेनिकचं संयुग असलेलं आर्सेनाइट वापरलं. प्रमाण नीट सांभाळलं, तर या विषांनी यीस्ट आणि जीवाणू गप्प होत आणि रस मात्र काम करत राही.

यातलं लॉजिक किती सुंदर आहे बघा. समजा एखाद्या कारखान्यातला माल रोज तयार होतोय. तो कामगार करतायत की मशीन, यावर वाद आहे. तुम्ही सगळ्या कामगारांना सुट्टी दिली आणि तरी माल येतच राहिला, तर उत्तर मिळालं ना? क्लोरोफॉर्म आणि टोल्युइन ही अशी सुट्टी होती. ही रसायनं मुख्यतः पेशीच्या पातळ आवरणावर हल्ला करतात. आवरण बिघडलं की पेशी पेशी म्हणून जगू शकत नाही, वाढू शकत नाही. पण रसात आवरणच नाही, मग बिघडणार काय? मशीन, म्हणजे विकर, पाण्यात सुटं तरंगत आपलं काम करत राहतं.

मात्र सगळीच विषं अशी नसतात, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. काही अवरोधक पेशीला मारतात पण विकराला हात लावत नाहीत. काही थेट विकरालाच पकडतात. करड्या नळीतलं फ्लोराइड दुसऱ्या प्रकारातलं. बुखनरला पहिला प्रकार हवा होता आणि त्याचं प्रमाणही अचूक हवं होतं. विष कमी पडलं तर जंतू जगणार, जास्त झालं तर विकरच बिघडणार.

९ जानेवारी १८९७ ला बुखनरने आपला निबंध जर्मन केमिकल सोसायटीच्या जर्नलकडे पाठवला. शीर्षकाचा अर्थ साधा होता, यीस्ट पेशींशिवाय अल्कोहोली किण्वन. रसातल्या काम करणाऱ्या पदार्थाला त्याने नाव दिलं झायमेज. पाश्चर जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. हा निकाल त्यांना बघायला मिळाला नाही.

मान्यता काही लगेच मिळाली नाही

टाळ्या वाजल्या, पण शंकाही भरपूर आल्या. काहींना तोच रस काढून बुडबुडे मिळेनात. यीस्ट कुठल्या ब्रुअरीचं, कसं वाढवलेलं, यावर रसाची ताकद बदलायची. शिवाय रस काही दिवसांत निकामी व्हायचा, कारण त्यातलीच प्रथिनं पचवणारी दुसरी विकरं झायमेजला खाऊन टाकायची. विरोधकांचं म्हणणं होतं, की हे विकर वगैरे नाही, रसात जिवंत पेशीद्रव्याचे तुकडे तरंगतायत आणि तेच थोडा वेळ जगतायत.

रशियन डॉक्टर मारिया मानास्सेइना यांनी तर दावा केला, की हे आपण १८७१ मध्येच केलं होतं. त्यांनी यीस्ट भरपूर तापवून किण्वन मिळवल्याचं लिहिलं होतं. बुखनरचं म्हणणं पडलं की त्या प्रयोगात जिवंत जंतूंची शक्यता पूर्ण बाद झालेली नव्हती. पुन्हा मुद्दा तोच, बुडबुडे दिसणं पुरेसं नाही, ते कुणी काढले हे दाखवावं लागतं. तरी प्रश्न आधी विचारणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव घ्यायला हवं.

१८९८ मध्ये बुखनर बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात केमिस्ट्रीचे प्राध्यापक झाले आणि पुढची काही वर्षं त्यांनी शंकांना उत्तरं देण्यातच घालवली. रस कमी तापमानाला वाळवून त्याची पावडर केली. ती पाण्यात घातल्यावर पुन्हा किण्वन झालं. रसातला पदार्थ अल्कोहोलने खाली बसवला, पुन्हा विरघळवला, तरी काम चालू. अख्खं यीस्ट अ‍ॅसिटोनमध्ये मारून पांढरी भुकटी केली. ही भुकटी एकाही पेशीने वाढू शकत नव्हती, पण साखर मात्र फोडत होती. जिवंत पेशीद्रव्याचे तुकडे एवढं सगळं सोसून जगतील, हे म्हणणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं.

१९०० मध्ये त्यांनी लोटे स्टाल यांच्याशी लग्न केलं. १९०२ मध्ये हान्स गेला. वडिलांच्या जागी उभा राहिलेला, सुट्टीत लॅबची दारं उघडून देणारा भाऊ. १९०३ मध्ये झायमेजवरचं पुस्तक आलं, त्यावर तीन नावं होती, एडुआर्ड बुखनर, हान्स बुखनर आणि मार्टिन हान.

१९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल एडुआर्ड बुखनर यांना मिळालं. गंमत म्हणून सांगते, त्याच वर्षी साहित्याचं नोबेल मिळालं ते आपल्या मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगला. पण दोघांच्याही वाट्याला तो झगमगाटी सोहळा आला नाही. स्वीडनचे राजे दुसरे ऑस्कर ८ डिसेंबरला वारले आणि समारंभ रद्द झाला. बुखनर यांनी ११ डिसेंबरला स्टॉकहोममध्ये आपलं व्याख्यान मात्र दिलं.

झायमेज एकटं नव्हतंच

विज्ञानात जिंकलेल्या माणसाचंही थोडं चुकतंच. बुखनर यांना वाटलं होतं तसं झायमेज हे एक विकर नव्हतं. इंग्लंडमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी दाखवलं की रसाला फॉस्फेट लागतं आणि उष्णतेने न बिघडणारा आणखी एक छोटा मदतनीस पदार्थही लागतो. पुढे कळलं की ग्लुकोजपासून अल्कोहोलपर्यंत १२ पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर वेगळं विकर काम करतं.

या पायऱ्या सापडल्या कशा? पुन्हा अवरोधक टाकूनच! फ्लोराइड घातलं की एका पायरीवर माल तुंबतो. आयोडोअ‍ॅसिटेट घातलं की दुसऱ्या. कुठे काय साचतंय ते मोजायचं आणि त्यावरून साखळी जुळवायची. रस्ता कुठून कुठे जातो ते नाकाबंदी करून शोधण्यासारखंच हे. १९३० च्या दशकात ही साखळी जुळत आली, तेव्हा लक्षात आलं की यीस्ट ज्या वाटेने साखर फोडतं, जवळपास त्याच वाटेने आपले स्नायूही फोडतात. फक्त शेवटचा फाटा वेगळा, यीस्टमध्ये अल्कोहोल, आपल्याकडे लॅक्टिक आम्ल. म्हणूनच तर रक्ताच्या नळीत फ्लोराइड चालतं.

फोक्शानी, १९१७

या गोष्टीचा शेवट मला वाचताना अपेक्षित नव्हता.

१९०९ मध्ये बुखनर ब्रेस्लाऊला गेले आणि १९११ मध्ये वुर्झबर्गला. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते ५४ वर्षांचे होते, नोबेल विजेते, घरी बायको आणि मुलं. तरी ते स्वतःहून सैन्यात गेले आणि दारूगोळा वाहून नेणाऱ्या तुकडीचं नेतृत्व करू लागले. १९१६ मध्ये मेजर झाले. त्याच वर्षी विद्यापीठात शिकवायला त्यांना परत बोलावलं. १९१७ मध्ये ते पुन्हा आघाडीवर गेले, या वेळी रोमानियात. ऑगस्टमध्ये तिथे जखमी झाले आणि १३ ऑगस्ट १९१७ ला फोक्शानीमध्ये त्यांचा मृत्यू झाला. वय ५७.

आणि त्याच युद्धात जर्मनीत यीस्टचं काय चाललं होतं माहितीये? स्फोटकांसाठी नायट्रोग्लिसरीन लागतं, त्यासाठी ग्लिसरीन लागतं आणि ग्लिसरीन चरबी-तेलातून मिळायचं. ब्रिटिश नौदलाने समुद्र अडवल्याने चरबीची आयात आटली. मग जर्मन केमिस्टनी साखर आंबवताना त्यात सोडियम सल्फाइट घालायला सुरुवात केली. सल्फाइट काय करतं, तर अल्कोहोल बनण्याच्या आधीच्या पायरीवरचं अ‍ॅसिटाल्डिहाइड बांधून ठेवतं. शेवटचं दार बंद झाल्यावर यीस्ट दुसऱ्या वाटेने जातं आणि अल्कोहोलऐवजी ग्लिसरीन जास्त तयार करतं. महिन्याला सुमारे १००० टन ग्लिसरीन या पद्धतीने बनत होतं.

म्हणजे यीस्टमध्ये रसायन टाकून त्याचं काम वळवायची जी कला बुखनर यांच्यासारख्यांनी लॅबमध्ये घडवली, तिच्यातून दारूगोळा तयार होत होता आणि बुखनर स्वतः दारूगोळ्याच्या गाड्यांबरोबर आघाडीवर होते. ज्ञान आपल्या हातून सुटलं की ते कुठे जाईल, हे आपल्या हातात राहत नाही. आज केमिस्ट्री किंवा बायोटेक शिकणाऱ्या प्रत्येकाने यावर दोन मिनिटं विचार करायला हरकत नाही.

पण तेच ज्ञान बाकीच्या बाजूंनीही आपल्यापर्यंत आलंच आहे. सरबताच्या बाटलीवर सोडियम बेंझोएट लिहिलेलं असतं. नाशिकच्या वाइनच्या लेबलवर सल्फाइटचा उल्लेख दिसतो, ते नको असलेल्या जंतूंना आवरण्यासाठी असतं. आणि दवाखान्यातली ती करड्या टोपणाची नळी आहेच, जिच्यामुळे आजीच्या शुगरचा आकडा खरा येतो.

चार वर्षं कारखान्यात गेली, तीन वर्षं मंडळाने काम थांबवलं आणि शेवटी उत्तर सापडलं ते भावाच्या लॅबमधल्या नासत चाललेल्या रसात. आपलाही एखादा प्रयोग फसला, सेमिस्टर वाया गेलं असं वाटलं, तर ओतून देण्याआधी एकदा नीट बघूया. बुडबुडे येतायत का?